पट आणि पुरवणी

खेळ हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय, असे कोणी विचारले, तर आम्ही त्यास उलट विचारू, की ज्या गोष्टीत माणसाने आपला फावला वेळ, आपली ईर्षा आणि आपली बुद्धी एकदम ओतली, ती गोष्ट इतिहासाच्या बाहेर कशी राहील? राजांच्या वंशावळी आपण पाठ करतो, लढायांचे सन लिहून ठेवतो. परंतु त्या राजांचे शिपाई छावणीत रात्री काय खेळत होते, इकडे आपले लक्ष क्वचित जाते. आज आम्ही ज्या खेळांविषयी बोलणार आहोत, ते छावणीतले नव्हेत. ते संगणकाच्या पडद्यावर खेळले जातात आणि त्यांना युद्धनीतीचे खेळ म्हणतात. त्यांतही आमचा विषय आणखी अरुंद आहे. लोकांच्या जिवाभावाच्या झालेल्या खेळाला मागाहून ज्या विकतच्या पुरवण्या जोडल्या जातात, त्यांनी लोकांचा वारंवार हिरमोड का होतो, एवढाच आमचा प्रश्न आहे. विषय पोरखेळाचा वाटेल. पण ह्या पुरवण्यांतून आता आपल्या देशाचा आणि आपल्या मराठी मुलखाचाही इतिहास विकला जातो, म्हणून तो वडीलधाऱ्यांनीही ऐकण्यासारखा आहे, असे आम्हांला वाटते.

प्रथम जुन्या पटाकडे वळू. दगडात रेघा आणि खळगे कोरून केलेले खेळांचे पट नाशिकच्या पांडवलेण्यांत आढळले आहेत. डोंगरातल्या वाटेवर थांबलेल्या माणसाला पट हवा असे, हे त्यावरून कळते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ ह्या संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींत बुद्धिबळाचे वर्णन आले आहे. सतराव्या शतकात काशीस राहिलेल्या नीलकंठ भट्टांनी आपल्या ‘नीतिमयूख’ ह्या राजनीतीवरील ग्रंथात ह्याच खेळाला जागा दिली. हे भट्ट घराणे मूळचे आपल्या पैठणचे. राजनीतीच्या ग्रंथात खेळाने जागा मिळवावी, ह्यातच युद्धनीतीच्या खेळाचे स्थान आपल्या पूर्वजांनी ओळखले होते, हे दिसते.

आता मौज अशी, की बुद्धिबळालाही पुरवण्या जोडण्याचा मोह माणसाला फार जुना आहे. १२८३ साली स्पेनमधील कास्तील देशचा राजा दहावा आल्फोन्सो ह्याने खेळांवर एक मोठा ग्रंथ करविला. त्यात बारा बाय बारा घरांचे ‘मोठे बुद्धिबळ’ दिले आहे. त्यात मगर आहे, जिराफ आहे, आणखी कितीतरी प्राणी आहेत. पुढे तैमूरलंगाच्या नावाने ओळखला जाणारा बुद्धिबळाचा प्रकार झाला. त्यात अकरा बाय दहा घरांचा पट आणि बाजूला दोन किल्ल्यांची घरे. उंट, जिराफ, लढाऊ यंत्रे अशी सोंगट्यांची जत्राच तेथे भरली होती. अगदी अलीकडे, १९२० नंतरच्या दशकात, जगज्जेता कापाब्लांका ह्याने दहा बाय आठच्या पटावर दोन नव्या सोंगट्या मांडून पाहिल्या. राजा झाला, दिग्विजयी झाला आणि जगज्जेताही झाला; तिघांच्या हाती अधिकार होता, कीर्ती होती. तरीही आज गावोगावच्या कट्ट्यावर चौसष्ट घरांचाच पट मांडला जातो. मगर आणि जिराफ ग्रंथात राहिले.

मग बुद्धिबळ कधी बदललेच नाही काय? बदलले, आणि फार मोठे बदलले. जुन्या डावात वजीर तिरपा एकच घर सरके आणि उंट तिरपी दोन घरे उडी मारी. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात ह्या दोघांना लांब चाली मिळाल्या. पटावर एकही घर वाढले नाही, एकही सोंगटी नवी आली नाही. तरी सारा खेळ पालटला. जे डाव दिवसभर रेंगाळत, ते चपळ झाले. ही नवी रीत जगभर गेली. एकोणिसाव्या शतकातील आपल्या देशी डावातही वजीर आणि उंट लांबच चालत. आपण मात्र काही गोष्टी आपल्या ठेवल्या होत्या. प्यादे पहिल्या चालीला एकच घर पुढे जाई. राजाला एकदाच घोड्याची अडीच घरांची चाल मिळे. शेवटच्या घरी पोचलेले प्यादे ज्या घरावर पोचले त्या घराची सोंगटी होई. आणि प्याद्याने केलेली मात मोठ्या मानाची समजत.

ह्या देशी रीतीचा आणि विलायती रीतीचा मेळ घालण्याचे काम आपल्याकडे लवकर सुरू झाले. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांचे बुद्धिबळावरील पुस्तक विलायती रीतीला जुळवून इंग्रजीत छापले गेले. पुढे पंजाबातला मीर सुलतान खान देशी रीतीवर वाढला, विलायती रीत मागाहून शिकला, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशा तीन वर्षी ब्रिटनचे अजिंक्यपद घेऊन आला. १९४१ साली सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ काढले आणि तेथे मराठी मुलांच्या पिढ्या नव्या नियमांवर तयार झाल्या. ह्या सर्वांनी नव्या चाली पत्करल्या, कारण त्या चालींनी खेळाला खोली दिली होती. मगर कोणी पत्करली नाही, कारण तिने फक्त पसारा दिला होता. आमच्या सर्व प्रतिपादनाचे सूत्र हेच आहे. सोंगट्या वाढवल्याने डाव वाढत नाही. जी पुरवणी जुन्या सोंगट्यांना नवा विचार करायला लावते तीच टिकते, आणि जी नुसती शेजारी येऊन बसते ती पटावरून कधी उठली हेही कोणाला कळत नाही.

ह्या सूत्राची काठी हाती घेऊन आता संगणकाच्या पटाकडे जाऊ. श्रोत्यांपैकी ज्यांनी हे खेळ पाहिले नसतील, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पडद्यावर एक भूभाग दिसतो. त्यात जंगल, खाणी, पाणी. खेळणाऱ्याजवळ आरंभी दोनचार गावकरी असतात. त्यांच्याकडून लाकूड तोडवावे, शेती करवावी, सोने खणवावे. त्या जोरावर गाव वाढवावे, फौज उभारावी आणि शेजाऱ्याला नमवावे. ‘एज ऑफ एम्पायर्स’ ह्या मालिकेचा दुसरा खेळ १९९९ साली अमेरिकेत निघाला, तो ह्या जातीचा. तबकडीवरून संगणकात घातलेला हा खेळ आपल्या शहरांतील मुलांनीही सायबर कॅफेत, वसतिगृहात रात्र रात्र जागून खेळला. आज ती मुले चाळिशीला आली, तरी तो खेळ त्यांना सोडवत नाही. दुसरी जात आणखी विस्तृत पटाची. तिच्यात सगळ्या पृथ्वीचा नकाशाच समोर ठेवलेला असतो. स्वीडनमध्ये तयार झालेला आणि २०१३ साली निघालेला ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ ह्या मालिकेचा चौथा खेळ असा आहे. १४४४ सालापासून पुढे सुमारे पावणेचार शतके एखादे राज्य चालवायचे, तह करायचे, कर बसवायचे, असे त्याचे स्वरूप.

ह्या खेळांना पुरवण्या पूर्वीही निघत. १९९९ च्या त्या खेळाला दुसऱ्याच वर्षी एक पुरवणी निघाली आणि तिने अझ्टेक, माया, हूण, कोरियन व स्पॅनिश असे पाच नवे लोक आणले. पण त्या काळी पुरवणी म्हणजे स्वतंत्र तबकडी. तिला खोका लागे, छपाई लागे, दुकानाच्या फळीवर जागा लागे. एवढा खर्च करून दुकानात ठेवायचे, तर खोक्यात भरघोस माल असणे विक्रेत्याच्याच हिताचे होते. पुढे तारांमधून माल थेट घरी उतरवून घेण्याची सोय झाली, आणि वाण्याने शेराऐवजी चिमटीने विकायला सुरुवात करावी, तसे झाले. २००६ साली अमेरिकेतील एका कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ नावाच्या साहसखेळात केवळ घोड्याला घालायचे चिलखत सुमारे अडीच डॉलरांना विकायला काढले. घोडा तोच, वाटही तीच. फक्त अंगावर झूल नवी. लोक हसले, चिडले, आणि घेतलेही. ‘घोड्याचे चिलखत’ हा शब्द तेव्हापासून खेळाडूंच्या भाषेत पोकळ पुरवणीला पर्याय होऊन बसला आहे.

येथे व्यापाऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. नाटक कंपनीला प्रत्येक प्रयोगाचे तिकीट मिळते. पण खेळ एकदा विकला, की तो दहा वर्षे खेळला गेला तरी कर्त्याला त्यातून दिडकी येत नाही. उलट त्याच्या दुरुस्त्या कराव्या लागतात, तो नव्या यंत्रांवर चालता ठेवावा लागतो, माणसांचे पगार द्यावे लागतात. म्हणून ज्या खेळावर लोकांचे प्रेम अधिक, त्यालाच पुरवण्या अधिक निघतात. प्रेमाचीच ही किंमत आहे. त्या स्वीडिश खेळाला पाच वर्षांत डझनावर मोठ्या पुरवण्या निघाल्या. ह्यात कोणी कोणाला लुबाडले असे सरसकट म्हणता येत नाही. पण पुरवणीची निकड खेळाला नसून तिजोरीला असते तेव्हा ती कशी होते, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

त्याची चार उदाहरणे देतो. २०२१ च्या एप्रिलात त्या स्वीडिश खेळाला ‘लेव्हायथन’ नावाची पुरवणी निघाली. तिचा विषय आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील मूळचे लोक. परंतु ती इतकी अर्धीकच्ची निघाली, की चालता खेळ अडखळू लागला. विक्रीच्या ठिकाणी तिच्याविषयीची मते इतकी वाईट पडली, की तशी फार थोड्या मालाला पडली असतील. शेवटी कर्त्यांना जाहीर क्षमा मागावी लागली. घराला माडी चढवायला गेले आणि खालच्या भिंतीस तडा गेला, असा तो प्रकार. २०२३ च्या मे महिन्यात ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या दुसऱ्या खेळात पहिल्या खेळाचे प्राचीन लोक आणणारी ‘रिटर्न ऑफ रोम’ ही पुरवणी आली. पण ते प्राचीन लोक वेगळ्याच खोलीत बसवले होते. मुख्य पटावरील मंडळींशी त्यांची गाठ पडत नसे. एकाच घरात दोन चुली मांडल्या, तर पंगत कशी बसणार? २०२४ च्या मार्चमध्ये ‘व्हिक्टर्स अँड व्हँक्विश्ड’ ह्या नावाने एकोणीस स्वतंत्र डाव विकायला आले. त्यांतील बहुतेक पूर्वी एका हौशी खेळाडूने रचले होते आणि ते फुकट खेळता येत होते. त्यांवर हात फिरवून त्यांना किंमत लावली, हे लोकांना रुचले नाही.

चौथे उदाहरण इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलके आहे. २०२५ च्या मे महिन्यात चीनमधील तीन राज्यांच्या काळावर एक पुरवणी निघाली. तिच्यात पाच नवे पक्ष होते. खितान आणि जुर्चेन हे दोन लोकसमूह झाले. पण वेई, शू आणि वू ही उरलेली तीन नावे लोकांची नव्हेत, राज्यांची आहेत. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात ती उदयास आली आणि त्याच शतकात संपली. ह्या खेळात पक्ष म्हणजे शतकानुशतके टिकलेला एखादा समाज, अशी जुनी समजूत होती. त्यात तीन अल्पजीवी राज्ये आणि त्यांचे हुकमी वीरपुरुष खुल्या डावात उतरवले, तेव्हा खेळाडूंनी जो गिल्ला केला तो आम्हांला फार समंजस वाटतो. त्यांचा आक्षेप पैशाविषयी कमी होता. ‘तुम्ही आमच्या खेळाची व्याख्या बिघडवलीत’, असा तो होता. ज्याला आपण पोरखेळ म्हणतो, त्यातील पोरे समाज आणि राज्य ह्यांतील भेदावर वाद घालतात, ही गोष्ट इतिहासाच्या शिक्षकाने आनंदाने ऐकावी अशी आहे.

परंतु सगळ्याच पुरवण्या फसतात असे नाही, आणि न फसलेली एक पुरवणी योगायोगाने आपल्याच देशाविषयीची आहे. १९९९ च्या खेळात भारत नव्हताच. २०१३ साली ‘द फरगॉटन’ ह्या पुरवणीत ‘इंडियन्स’ ह्या एका नावाखाली सबंध उपखंड आला. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच पक्ष, आणि त्याचे मुख्य बळ काय, तर उंट! दक्षिणेतील चोळांनी सागर ओलांडला तो उंटावर बसून काय, असे कोणी विचारले असते तर उत्तर नव्हते. २०२२ च्या एप्रिलात ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ ह्या पुरवणीने ही चूक सुधारली. हिंदुस्तानी, गुर्जर, बंगाली आणि द्राविड असे चार पक्ष झाले. बाबर, राजेंद्र चोळ आणि देवपाल ह्यांच्या मोहिमा आल्या. युरोपी चिलखती स्वार तेथे ठेवला नाही. भिंत फोडायला लाकडी ओंडक्याच्या जागी चिलखती हत्ती आणला. आणि गुर्जरांना एक बारीकशी गोष्ट दिली. शेळ्यामेंढ्या मारून खाण्याऐवजी त्या धान्याच्या कोठारात जिवंत बांधून ठेवल्या, तर त्यांच्यापासून अन्न मिळतच राहते. मारलेले जनावर एकदा पुरते आणि पाळलेले रोज पुरते, हा हिशेब गुराख्याच्या पोराला समजावून सांगावा लागत नाही. वजिराच्या लांब चालीसारखीच ही नवी चाल होती, कारण जुन्याच शेळीकडे खेळाडू नव्या नजरेने पाहू लागला. ही पुरवणी लोकांनी डोक्यावर घेतली, ते उगाच नव्हे.

तरीही मराठी माणूस त्या पटावर आपले घर शोधू लागला, तर ते त्याला सापडत नाही. देवगिरीच्या यादवांचा स्वतंत्र पक्ष त्या चारांत नाही. उत्तर म्हणजे हिंदुस्तानी आणि दक्षिण म्हणजे द्राविड, ह्या दोन शब्दांच्या मधल्या फटीत आपले दख्खन पडून गेले. ज्या खेळांचा काळ पुढचा आहे, त्यांत तरी काय दिसते? मालिकेच्या तिसऱ्या खेळाला २००७ साली आशियाई राजवंशांची पुरवणी निघाली. तिच्यातील भारतीय पक्षात गाईगुरे मारून खाता येत नाहीत, ती पवित्र कुरणात ठेवावी लागतात. आणि त्या पक्षाची मोहीम १८५७ च्या उठावावर रचली आहे. पक्ष मात्र पुन्हा एकच, अखिल भारतीय.

स्वीडिश खेळात मराठे आहेत. मराठी मुलूख हाती असणाऱ्या राज्याला पुढे ‘मराठे’ हे नाव धारण करता येते. सप्टेंबर २०१८ मध्ये खास भारतासाठी म्हणून निघालेल्या पुरवणीला ‘धर्म’ असे भारदस्त नाव दिले होते. तिचे स्वागत संमिश्र झाले, आणि त्याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. भारताच्या नकाशातील सुधारणा सर्वांना फुकटच मिळाल्या. विकत घेतलेल्या भागात मोगलांच्या राज्यकारभाराविषयी काही होते. पण त्याचबरोबर व्यापारी कंपन्यांनी परमुलखात गुंतवणूक कशी करावी, आणि दूरदेशच्या राज्याने एखाद्या इकडच्या राजाकडून एक प्रांत पैसे देऊन कसा घ्यावा, ह्याचीही सोय होती. ‘धर्म’ हे नाव वाचून पुढे सरसावलेल्या वाचकाच्या हाती कंपनीची वखार आली! आणि मराठ्यांचे वैशिष्ट्य काय, तर इतर राष्ट्रांप्रमाणेच अमुक बाबतीत पाच टक्के अधिक, तमुक बाबतीत दहा टक्के कमी. टक्क्यांनी हिशेब होतो, ओळख होत नाही.

येथे आमचे बोलणे अधांतरी राहू नये, म्हणून खोडाळ्याच्या आसपासचाच मुलूख घेऊ. हा जव्हार-मोखाड्याचा डोंगरी भाग. खाली कोकणपट्टी, वर नाशिकचे पठार, मधून चढणाऱ्या घाटवाटा आणि दाट रान. जव्हारच्या मुकणे राजांचे राज्य परंपरेने १३४३ ह्या सालापासून धरतात. राज्याचा मूळ पुरुष जयाबा महादेव कोळी. त्याची जी गोष्ट सांगतात ती प्रसिद्ध आहे. वारली राजाकडे त्याने बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. राजाने हसून दिली. जयाबाने कातड्याची बारीक वादी कापली आणि तिने वेढा घालून जव्हारच घेतले. अशीच गोष्ट भूमध्य समुद्राकाठी कार्थेजच्या राणी डायडोविषयी सांगतात. ती खरी घडली की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवू. लोकांनी आपल्या राज्याचा आरंभ तलवारीच्या घावाने सांगितला नाही, शब्दाच्या कोंडीने सांगितला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वारली राजाच्या बाजूने पाहिले, तर ही एका भोळ्या विश्वासाच्या घाताचीही गोष्ट आहे. दोन्ही बाजू दिसतील असा डाव कोणत्या पुरवणीने मांडला आहे?

पुढचा इतिहास पहा. १६६४ साली शिवाजी महाराज सुरतेवर निघाले, तेव्हा जव्हारचे विक्रमशहा त्यांना मिळाले. त्या भेटीत राजांच्या पागोट्यावर शिरपेच चढवला गेला आणि त्यावरून त्या जागेस शिरपामाळ नाव पडले, अशी येथील आठवण आहे. पुढे आठच वर्षांनी, १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार घेतले. कालचा मित्र आज शत्रू झाला. एका बाजूस मोगल, दुसऱ्या बाजूस मराठे, किनाऱ्यावर वसई-डहाणूस पोर्तुगीज. मध्ये हे रानातले राज्य. पेशवाईत त्याचा मुलूख आणि वसूल कमी कमी होत गेला. इंग्रजी अमदानीत ते सुमारे ३१० चौरस मैलांचे संस्थान होते. आणि १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा परंपरेच्या हिशेबाने त्याला सहाशे वर्षे झाली होती. बहमनी गेले, मोगल गेले, पोर्तुगीजांचा उत्तर कोकण गेला, पेशवे गेले. जव्हार राहिले.

आता हे राज्य आजच्या युद्धनीतीच्या पटावर ठेवा. तो पट विजय मोजतो विस्ताराने. पृथ्वीच्या नकाशावर जव्हार म्हणजे बोटाच्या टोकाखाली झाकले जाईल एवढा तुकडा. खेळणारा त्याला पहिल्या घासाला गिळील, किंवा ते घेऊन खेळलाच, तर दिल्ली जिंकल्याशिवाय त्याचे समाधान होणार नाही. परंतु जव्हारच्या राजांपुढचा खरा डाव दिल्ली जिंकण्याचा नव्हता. कोणाला केव्हा वाट द्यायची, कोणाला केव्हा नजराणा पाठवायचा, केव्हा रानात शिरून दिसेनासे व्हायचे आणि केव्हा परत गादीवर येऊन बसायचे, हा तो डाव होता. टिकणे हाच तेथे विजय. जुन्या वाघबकरीच्या खेळात वाघाचा विजय एका प्रकारचा आणि बकरीचा दुसऱ्या प्रकारचा असतो, आणि दोघांनाही पटावर सारखाच मान असतो. वाघ बकऱ्या खातो, तर बकऱ्या वाघाला कोंडतात. हे शहाणपण आपल्या गावच्या मुलांना ठाऊक होते. कोट्यवधी खर्चून केलेल्या पुरवण्यांना ते पुष्कळदा सुचत नाही. त्या सर्वांनाच वाघ करतात आणि कोणाला पिवळे, कोणाला भगवे रंगवतात.

सोंग कसे उभे करावे, हे ह्या मुलखाला शिकवावे लागत नाही. मोखाडा-जव्हारकडे बोहाडा होतो. संबळाच्या ठेक्यावर देवादैत्यांची सोंगे एकामागून एक येतात. ज्याने तो पाहिला त्याला कळते, की नुसता मुखवटा चढवून सोंग होत नाही. मुखवट्याखालचे पाऊल बदलावे लागते, अंगाचा झोक बदलावा लागतो. गणपतीचा मुखवटा घालून कोणी महिषासुरासारखा उसळ्या मारू लागला, तर लहान पोरेही हसतील. विकतच्या पुरवण्यांतील पुष्कळ राष्ट्रे अशी आहेत. पागोटे मराठी, पाऊल मात्र दुसऱ्याच कोणाचे. हिरमोड होतो तो ह्याच ठिकाणी. पैसे गेले ह्याचे दुःख दोन दिवसांचे असते. आपले म्हणून जे आणले ते आपले नव्हते, ही खंत अधिक काळ राहते.

कोणी म्हणेल, खेळ हा खेळ. त्याच्याकडून इतिहासाची अपेक्षा का करावी? ह्याला आमचे उत्तर असे. आपल्या मुलांना पाठ्यपुस्तकात जव्हारविषयी जेमतेम एखादी ओळ मिळते. पडद्यावरच्या नकाशासमोर मात्र ती शेकडो तास बसतात. कोणते राज्य मोठे, कोणता लोकसमूह शूर, कोणाचा देश मोकळा पडला आहे म्हणून घ्यायला हरकत नाही, हे संस्कार त्या नकाशातून नकळत होतात. ज्या पटावर रान म्हणजे केवळ तोडायचे लाकूड, त्या पटावर वारली, कातकरी, ठाकर ही माणसे कोठे बसणार? त्यांच्यासाठी रान हे घर होते आणि आहे. हे ज्या दिवशी एखाद्या पुरवणीला समजेल, त्या दिवशी रानाची किंमत लाकडाच्या मोळ्यांत मोजणे थांबेल, आणि रान राखून जिंकण्याची एखादी नवी चाल निघेल. गुर्जरांच्या शेळीने ती वाट दाखवलीच आहे.

तेव्हा दोष व्यापाऱ्यावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. २०१३ ची ती पुरवणी मुळात हौशी खेळाडूंनी स्वतःच्या आवडीने केली होती. कंपनीने ती मागाहून आपलीशी केली. म्हणजे दार बंद नाही. ज्यांना आपल्या मुलखाचा इतिहास पटावर हवा, त्यांनी तो आधी नीट जमवला पाहिजे. घाटवाटांची नावे, जकातीची ठाणी, कोणत्या पाड्यावर कोणती आठवण सांगतात, कोणत्या सोंगाचा ठेका कोणता, हे लिहून ठेवणारी माणसे येथेच असावी लागतात. गणित जाणणारी पोरे आता खोडाळ्यातही आहेत, शहरातही आहेत. त्यांच्या हाती ही सामग्री पडली, तर ती आपला पट आपण मांडतील. आणि पट मांडताना त्यांनी एकच गोष्ट स्मरणात ठेवावी. चौसष्ट घरे पुरेशी आहेत. नवी मगर आणण्याची घाई नको. जुन्याच प्याद्याला ह्या मातीतली एखादी चाल देता आली, तर ती पुरवणी विकावी लागणार नाही. लोकच ती मागून घेतील.